लखनलाल मिस्त्रीचा कान

लखनलाल मिस्त्रीजवळ एक काठी होती. तेंदूची, हातभर लांब, अंगठ्याएवढी जाड. एक टोक बेअरिंगवर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि डोळे मिटायचे. गोंदियाबाहेरच्या एका राइस मिलमध्ये तो सत्तावीस वर्षं मिस्त्री होता. तेवढ्या वर्षांत एकही बेअरिंग न सांगता गेलं नाही. तो आधीच सांगायचा, आठ दिवस. किंवा, उद्या दुपारी बंद करा. तसंच व्हायचं.

मी त्याच मिलमध्ये बॉयलरवर भुसा टाकत होतो. या मार्चमध्ये कामातून सुटलो. मी लिहितो ते त्याआधीच्या हंगामातलं आहे.

बेअरिंग मरायला लागलं की आधी बारीक शिटी देते. मिलच्या गडगडाटात ती कोणाला कळत नाही. आठ-दहा दिवसांनी घरघर सुरू होते. घरघर आली की हातात तास उरतात. घरघर कोणालाही ऐकू येते, मलाही. शिटी फक्त लखनलालला ऐकू यायची. पगार त्याला त्या शिटीचा होता.

मिलमध्ये सगळे कान बांधतात. हमाल गमछा बांधतात, झाडणाऱ्या बाया कापसाचे बोळे घालून वरून पदर घट्ट आवळतात. लखनलालनं कधी कान बांधला नाही. त्याचं म्हणणं, कान माझं अवजार आहे, अवजार कोणी फडक्यात गुंडाळून काम करते काय. धुरपताबाई नावाची बाई एलिव्हेटरखाली झाडायची. एलिव्हेटर म्हणजे धान खालून वर नेणारा बादल्यांचा पट्टा. ती नवेगाव बांधकडची, कोहळ्याची, म्हणजे तिकडचे जुने तलाव बांधणाऱ्या जातीची. तिचे बांधलेले कान पाहून लखनलाल तिला रोज टोमणा द्यायचा, की तलाव बांधणाऱ्याची लेक आता कान बांधून राहिली. ती म्हणायची, माझे कान आहेत, मी बांधीन नाही तर सोडीन. सत्तावीस वर्षं हे चाललं.

लखनलालचं घर फुलचूरला, माझ्या घरापासून चौथं. बायको राजकुमारी. मुलगी रविता बालाघाटकडे दिलेली. मुलगा ओमेश्वर गोंदियाच्या बाजारात मोबाईलच्या दुकानात होता आणि सुटीच्या दिवशी घरी इअरफोनचे व्हिडिओ बनवायचा. दोन जोड्या घ्यायच्या, एकच गाणं दोन्हीतून ऐकायचं आणि कोणती बरी ते सांगायचं. मला आधी ते रिकामं काम वाटलं. मग एकदा मी बसून पाहिलं. दोन्ही जोड्यांचा आवाज तो यंत्र लावून सारखा करायचा, कारण जी जोडी मोठ्यानं वाजते ती कानाला उगाच चांगली वाटते. रबराची टोपणं दोन्हीला एकाच मापाची लावायचा. ऐकणाऱ्याला पाठ करून बसवायचा, म्हणजे कोणती जोडी कानात आहे ते त्याला कळू नये. हे पाहिल्यावर मी त्याच्या कामाला काम म्हणायला लागलो.

त्याच्या जोड्या प्लेनर मॅग्नेटिक म्हणतात त्या जातीच्या होत्या. साध्या इअरफोनमध्ये पडद्याला तारेचं एक वेटोळं ढकलते. प्लेनरमध्ये पडदा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असतो, तार त्याच्यावरच छापलेली असते, बाजूला चुंबकं असतात आणि सगळा पडदा एकदम हलतो. त्यामुळे बारीक आवाज फाटत नाही आणि जाड आवाज पसरत नाही. ओमेश्वरनं हे सांगितलं तेव्हा लखनलाल म्हणाला, म्हणजे सुपासारखं. सगळं सूप एकदम हलते तेव्हाच दाणा वेगळा होते.

तिथून बापाला व्हिडिओत बसवायची सुरुवात झाली. घरात ते पोवारी बोलत, कॅमेऱ्यासमोर हिंदी. पण लखनलालचे शब्द मिलचेच असायचे. एका जोडीला तो म्हणाला, याच्यात कनकी निवडलेली नाही, तुकडा आणि तांदूळ एकत्रच येते. दुसरीला म्हणाला, याला पॉलिश जास्त झालं, चमक आहे पण पोट नाही. लोकांना ते आवडलं. पुण्या-मुंबईची पोरं खाली लिहायची, चाचाजीला विचारून सांगा.

परीक्षेचं गाणं नेहमी एकच. रविताच्या लग्नात राजकुमारी आणि बाया मांडवात बसून गात होत्या, ते ओमेश्वरनं चांगल्या माईकनं घेतलं होतं. ढोलक, राजकुमारीचा आवाज आणि टाळी पडली की बांगड्या. दोन वर्षांमागे एक जुनी प्लेनर जोडी ऐकताना लखनलाल म्हणाला होता, "बांगड्या मोजून घ्या. डाव्या हातात एक कमी आहे." ओमेश्वरनं आईला विचारलं. त्या दिवशी पाट सरकवताना तिची एक बांगडी फुटली होती, डाव्याच हातातली. ही गोष्ट मिलमध्ये महिनाभर चालली. शेठनंही ऐकली.

मागच्या नोव्हेंबरात दोन नव्या जोड्या आल्या. एक काळी, एक चांदीच्या रंगाची. हंगाम सुरू होऊन आठवडा झाला होता. ओमेश्वरनं बापाला पाठ करून बसवलं आणि दहा वेळा जोड्या बदलल्या. प्रत्येक वेळी उत्तर वहीत लिहिलं. ती वही मी नंतर पाहिली. काळी जोडी लागोपाठ दोनदा लावली होती. लखनलालनं तिला एकदा चांगली म्हटलं, एकदा वाईट. बाकीची उत्तरंही तशीच, नाणं उडवावं तशी.

शेवटी लखनलाल म्हणाला, दोन्ही माल खराब. दोन्हीत बांगड्याच नाहीत.

ओमेश्वरनं वही मिटली. लखनलालनंच जुनी जोडी मागितली, ती दोन वर्षांमागची. कानात घातली. गाणं पूर्ण ऐकलं, परत लावलं, परत ऐकलं. मग म्हणाला, ही पण बिघडली. ओमेश्वरनं ती आपल्या कानात घातली, ऐकली, काढली आणि म्हणाला, हो बाबूजी, बिघडली असेल.

पोरगा खोटं बोलला हे लखनलालला तिथंच कळलं. ओमेश्वर वस्तू बिघडली की आधी उघडून पाहतो. त्या दिवशी त्यानं ती डबीत ठेवून दिली.

लखनलाल माझ्याकडे आला तेव्हा मी अंगणात आंघोळ करून उभा होतो. त्याच्या हातात फोन आणि दोन्ही नव्या जोड्या होत्या. काळी माझ्या कानात त्यानं स्वतः बसवली, दाबून, हवा जायला जागा राहू नये अशी. गाणं लावलं आणि माझ्या तोंडाकडे पाहत उभा राहिला.

"काय येते?"

"ढोलक येते. वहिनीचा आवाज येते."

"अजून?"

 माझा बॉयलर मिलच्या मागे, उघड्यावर. गडगडाट माझ्यापर्यंत भिंतीतून यायचा. माझे कान कधी कामाला लागले नाहीत, म्हणून शाबूत होते.

"बांगड्या येते," मी म्हणालो.

त्यानं माझ्या कानातून जोडी काढली. दुसरी ऐकायला दिलीच नाही. ती मुठीत तशीच होती. म्हणाला, "केवळराम, हंगाम होऊ दे. कोणाले सांगू नको."

मी हो म्हणालो. सत्तावीस वर्षं त्याच्या भरवशावर मिल चालली, चार महिने अजून चालेल असं मला वाटलं. मी विचार पुरा केला नाही. भुसा टाकताना मी कधी अर्धं फावडं टाकलं नाही, आणि इथं अर्ध्यावर सोडलं.

त्यानं मात्र मेहनत सोडली नाही. पाळीच्या एक तास आधी मिलमध्ये येऊ लागला. राजकुमारीकडून कानात कोमट तेल घालून घेतलं. गोंदियाच्या एका कानाच्या डॉक्टरकडे गेला, मी सोबत होतो. डॉक्टरनं त्याला खोलीत बसवून यंत्रानं आवाज ऐकवले आणि कागदावर रेघ काढून दाखवली. जाड आवाजापर्यंत रेघ सरळ होती, बारीक आवाजाला ती विहिरीत पडावी तशी खाली गेली होती. लखनलालनं रेघ बराच वेळ पाहिली. मग विचारलं, रोज किती वेळ सराव केला तर वापस येईल.

डॉक्टर म्हणाले, सरावानं येत नाही. गेलं ते गेलं. आता उरलेलं सांभाळा, कान बांधून काम करा.

"दोन तास केला तरी?"

"दिवसभर केला तरी."

परत येताना तो सायकल हातात धरून चालत होता. आम्ही दोघांनी आयुष्यात जे मिळवलं ते अंग मोडून मिळवलं. घाम गाळून जे येत नाही असं काही त्याच्यापुढे कधी आलं नव्हतं. फुलचूर येईपर्यंत तो एकच बोलला, की अवजार वापरल्यानं घासते हे मला माहीत होतं, पण मी धार लावत राहिलो असं मला वाटे.

दुसऱ्या दिवसापासून त्याची वेड्यासारखी धडपड सुरू झाली. पाळीत एकदा फिरायचा तो तीनदा फिरू लागला. बेअरिंगवर तळहात ठेवून ताप पाहायचा, पण ताप उशिरा येते. काठी कानाऐवजी दातात धरून पाहिली. हमालांना वाटलं मिस्त्रीनं नवी तऱ्हा काढली. बकाराम हमाल म्हणाला, आता मिस्त्री बेअरिंग चावून सांगते. सगळे हसले, लखनलालही हसला. संध्याकाळी घरी जाऊन तो तिन्ही जोड्या घेऊन बसे. टोपणं बदले, डावी उजव्या कानात घाले, जाळी ब्रशनं साफ करे. राजकुमारी मला म्हणाली, भाऊजी, हे माझंच गाणं ऐकून राहिले रोज, मी समोर बसली तर माझ्याकडे पाहत नाही. तिला काही माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही.

काठी तो फिरवत राहिला, हे मला सगळ्यात वाईट वाटते. त्याची काठी फिरली की दुसरं कोणी मशीनजवळ कान नेत नसे. गरजच नव्हती. मिस्त्रीनं पाहिलं म्हणजे पाहिलं.

बावीस दिवस असे गेले. बाविसाव्या दिवशी दुपारी जेवणासाठी मोटर बंद झाली. मशीन थांबताना आवाज हळूहळू उतरतो, त्या वेळी धुरपताबाई एलिव्हेटरच्या तळाच्या खड्ड्याशी वाकून सांडलेलं धान गोळा करत होती. घाम आला म्हणून तिनं पदर सोडला, एका कानातला बोळा काढला. मी डबा घेऊन तिथंच आलो होतो. तिनं लखनलालला हाक मारली.

"मिस्त्रीजी, खालचं हे चिवचिव करून राहिलं. चार दिवस झाले."

पट्टा अजून सावकाश फिरत होता. लखनलाल वाकला, खालच्या पुलीच्या बेअरिंगवर काठी टेकवली, डोळे मिटले. चार-पाच माणसं पाहत होती. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्याला काही येत नव्हतं. मला त्या क्षणी ते दिसलं.

"काही नाही," तो म्हणाला. "पाखरू असन."

"पाखरू चार दिवस एकाच जागी बसून राहते काय?"

हमाल हसले. तिला हसले, त्याला नाही. कोणी म्हणालं, बाई, तू झाडू मार, कान मिस्त्रीले राहू दे. ती बोळा कानात घालून जेवायला गेली. लखनलालनं माझ्याकडे पाहिलं. मी पोळीचा तुकडा मोडला.

तो त्या वेळी म्हणू शकत होता, की बंद ठेवा, बदलून घेतो. एक तासाचं काम. पण मग बाईला ऐकू आलं आणि मिस्त्रीला नाही, हे सगळ्यांसमोर उघड झालं असतं. आणि मीही बोलू शकत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवाच्या सुमारास ते बेअरिंग जाम झालं. लखनलाल दुसऱ्या टोकाला पॉलिशरवर होता, आणि घरघर ऐकायला तिथं एकही कान उघडा नव्हता. खालची पुली थांबली, वरची फिरत राहिली, पट्टा घासून तापला आणि तुटला. दोन मजली उंचीवरून पट्टा बादल्यांसकट खाली आला. तळाचा पत्रा फाटला. धुरपताबाई तिथं झाडत होती. पत्रा आणि बादल्या तिच्या उजव्या खांद्यावर आल्या.

मी बॉयलरवरून पळत आलो तेव्हा तिला धानाच्या ढिगावर बसवलं होतं. ती ओरडत नव्हती. लखनलाल समोर उभा होता. ती त्याला म्हणाली, "पाखरू उडालं, मिस्त्रीजी."

तिला दवाखान्यात नेलं. खांद्याचं हाड मोडलं होतं.

मिलमध्ये सगळ्यांनी ठरवलं की बेअरिंग नकली होतं. बाजारात आजकाल नकली माल येतो, त्याला मिस्त्री काय करणार. काही म्हणाले, बाई खड्ड्याच्या इतक्या जवळ गेलीच काऊन. लखनलालचं नाव कोणी घेतलं नाही. तीन दिवस तो हे ऐकत राहिला. चौथ्या दिवशी मला म्हणाला, चल. आम्ही दोघं मुनीमाकडे गेलो.

त्यानं सगळं सांगितलं. बारीक आवाज येत नाही, महिना झाला, डॉक्टरचा कागद हा, काठी मी अशीच फिरवून राहिलो. मी म्हणालो, मलाही माहीत होतं. मुनीम आधी हसला. मग कागद पाहिला, घडी केली आणि परत दिला. त्याच्या मोबाईलमध्येही लखनलालचे व्हिडिओ होते. तो म्हणाला, मिस्त्रीजी, तुमच्यासारखा कान जिल्ह्यात नाही, बाई पडली म्हणून मन खट्टू झालं आहे तुमचं. लखनलाल म्हणाला, मला काढून टाका. मुनीमानं आवाज खाली आणला.

"आप बस काठी घुमाते रहो. लोगों को तसल्ली रहती है."

 चोरी कबूल करायला गेलेल्या माणसाला चौकीतून चहा पाजून परत पाठवावं तसं ते होतं. मग लखनलालनं काठी टेबलावर ठेवली आणि बाहेर आला. मुनीमानं ती नंतर ऑफिसच्या भिंतीला खिळ्यावर लावली. अजून तिथंच आहे.

बाहेर येऊन लखनलालनं धुरपताबाईचा झाडू घेतला आणि एलिव्हेटरखाली झाडायला लागला. लोकांना वाटलं एक दिवसाचं आहे. त्यानं ते सोडलं नाही. बाकी मिस्त्रीकाम तो करायचा, नट, पट्टे, ग्रीस, आणि उरलेला वेळ झाडायचा. चांगलं झाडत नव्हता. कोपऱ्यात कोंडा राहायचा. पण हजेरी धुरपताबाईच्या नावानं लागत राहिली.

बारा दिवसांनी ती आली, हात गळ्यात बांधलेला. घरी बसून करू काय म्हणाली. पोत्यावर बसली आणि त्याचं झाडणं पाहू लागली.

"झाडू अशी धरते काय कोणी?" ती म्हणाली. "आणि तुम्ही झाडल्यानं माझा खांदा जुळत नाही, मिस्त्रीजी."

"माहीत आहे," तो म्हणाला. मग तिला सांगितलं की मला ऐकू येत नाही. तिला ते आधीच कळलं होतं. ती म्हणाली, त्या दिवशी तुमच्या तोंडावरच दिसलं मले, पण माझं कोण ऐकते.

तेव्हापासून दर दोन तासांनी तो तिला एकेका मशीनजवळ नेई. ती पदर सोडे, बोळा काढे, वाके, ऐके, बोळा परत घाले. जानेवारीत तिनं वरच्या पुलीची शिटी पकडली. त्यानं त्याच दुपारी बेअरिंग बदललं. उघडलं तेव्हा गोळ्यांवर डाग पडलेले होते. त्यानं ते तिला दाखवलं नाही, माझ्याकडे आणून दाखवलं. मला वाटलं आता त्याला थोडं हलकं वाटेल. त्यानं ते बेअरिंग खिशात घातलं आणि दिवसभर तसंच वागवलं.

ओमेश्वरचा व्हिडिओ अर्धवटच राहिला होता. फेब्रुवारीच्या सुरुवातीला लखनलालनंच त्याला मिलमध्ये बोलावलं, जेवणाच्या सुटीत, काळी आणि चांदीची जोडी घेऊन. धुरपताबाईला पाठ करून बसवलं. तिनं पदर सोडला, दोन्ही बोळे काढून मांडीवर ठेवले. ओमेश्वरनं आवाज सारखा केला, काळी पहिली आणि चांदीची दुसरी म्हणून एकेकदा ऐकवली आणि मग दहा वेळा जोड्या बदलल्या. दहाही वेळा तिनं बरोबर ओळखलं. वहीत मी पाहत होतो, एकही चूक नाही.

ओमेश्वरनं विचारलं, फरक काय वाटते. ती पाठ करूनच बोलली.

"पहिलीत गाणारी बाई एकदम पुढे येऊन बसते. बाकीच्या बाया तिच्या मागे लपते. दुसरीत मांडव मोठा आहे. कोण कुठं बसली ते कळते. ढोलक मात्र पहिलीतच पोटात लागते."

ओमेश्वरनं शब्दाला शब्द लिहून घेतलं. इतकं नीट त्यालाही सांगता आलं नसतं, असं तो म्हणाला. कोणती घ्यावी, तर गाणारी आवडते त्यानं काळी, मांडव आवडते त्यानं चांदीची.

लखनलाल झाडूच्या दांड्यावर हात ठेवून उभा होता. त्याला उत्तर माहीत होतं. माझ्या अंगणातच त्याला अर्धं मिळालं होतं. उरलेलं अर्धं त्यानं तीन महिने मुठीत धरून ठेवलं होतं.

"आणि बांगड्या?" त्यानं विचारलं.

धुरपताबाईनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग ओमेश्वरकडे. ओमेश्वर वहीत पाहत होता.

"दोन्हीत आहेत," ती म्हणाली.

लखनलालनं मान हलवली. ओमेश्वर जोड्या डबीत भरू लागला. मोटर सुरू व्हायची वेळ झाली. धुरपताबाईनं मांडीवरचे बोळे उचलून कानात घातले, डाव्या हातानं पदर आवळला, एका हातानं गाठ येईना म्हणून मी ती मारून दिली. मग पट्टा फिरायला लागला आणि लखनलाल वाकून खड्ड्याशी झाडू लागला. कान त्याचे उघडेच होते.